तंबूमागची बोली

अमेरिकन सर्कशीत हत्तीला 'बुल' म्हणत. बुल म्हणजे खरं तर बैल, आणि सर्कशीतले बहुतेक हत्ती तर हत्तिणीच असत, कारण माजावर येणारा नर सांभाळणं रोज गाव बदलणाऱ्या तंबूला परवडत नसे. तरीही हत्तिणींचा अख्खा कळप 'बुल्स' आणि त्यांच्यामागे अंकुश घेऊन फिरणारी माणसं 'बुलमेन'. याचं कारण प्राणिशास्त्रात शोधू नये. चिखलात रुतलेला गाडा कपाळाने रेटून बाहेर काढायचा, तंबूचे खांब दोरखंडाने ओढून उभे करायचे, हे काम हत्ती सकाळभर करी. दुपारी अंगावर झूल चढली की तो कलाकार होई. ज्यांच्या अंगावर कधीच झूल चढली नाही अशी शेकडो दोन पायांची माणसंही त्या मैदानावर राबत होती. त्यांनाही अशीच बैलछाप नावं होती: रेझरबॅक, रूस्टअबाउट, रफी, गझूनी.

'रिंगलिंग ब्रदर्स अँड बार्नम अँड बेली' ही अमेरिकेतली सगळ्यात मोठी सर्कस. १९२० ते १९४० च्या काळात तिच्याबरोबर हजाराहून अधिक माणसं फिरत आणि जवळजवळ शंभर डब्यांचा तिचा पसारा चार स्वतंत्र गाड्यांनी एका गावाहून दुसऱ्या गावाला जाई. भिंतींवरच्या रंगीत पोस्टरांवर नावं असत ती झुल्यावरच्या कसरतपटूंची, घोडेस्वारांची, वाघ-सिंहवाल्यांची. उरलेल्यांची नावं पोस्टरवर येण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांनी आत्मचरित्रं लिहिली नाहीत, त्यांच्या मुलाखती कुणी घेतल्या नाहीत. मागे राहिली ती त्यांची बोली. डेव्हिड मॉरर नावाच्या भाषाभ्यासकाने १९३१ मध्ये सर्कस आणि जत्रेतल्या लोकांच्या बोलीचा कोश छापला, आणि पुढेही बऱ्याच हौशी मंडळींनी असे शब्द गोळा केले. गमतीदार शब्दांची यादी म्हणून ते वाचता येतातच. पण जरा थांबून वाचले तर त्यांत कामाची वाटणी, पगाराची भांडणं आणि जिवाची भीती अशी सगळी हजेरी लागलेली दिसते.

सुरुवात रेल्वेपासून करावी लागते. १८७२ पूर्वी मोठ्या सर्कशी मुख्यतः घोडागाड्यांवरून फिरत. रात्री खेळ संपला की तंबू गुंडाळायचा, कच्च्या वाटेने रात्रभर गाडे हाकायचे आणि पहाटे पुढच्या गावी पोचायचं. पावसात हे गाडे आसापर्यंत रुतत. पुढे रेल्वेवाल्या सर्कशींनी अशा फिरस्त्यांना 'मड शो' असं नाव ठेवलं, म्हणजे चिखलातली सर्कस, आणि त्यात पुरेपूर तुच्छता होती. १८७२ मध्ये पी. टी. बार्नमच्या सर्कशीचा भागीदार विल्यम कॅमेरॉन कूप याने सगळं बिऱ्हाड रेल्वेवर चढवलं. युक्ती वरवर साधी होती. बाजूच्या भिंती नसलेल्या सपाट वाघिणी एकामागे एक जोडायच्या, दोन वाघिणींमधल्या फटीवर लोखंडी पत्रे टाकायचे, शेवटच्या वाघिणीला उतार लावायचा आणि भरलेले गाडे एका टोकाने चढवून थेट पुढच्या टोकापर्यंत ओढत न्यायचे. गाडा ओढणारा घोडा वाघिणीच्या बाजूने, जमिनीवरून चाले.

ही चढउतार करणारे ते रेझरबॅक. उतारावरून टनावारी वजनाचा गाडा सुटून धावू नये म्हणून एक जण खुंटाला दोराचे वेढे देऊन तो हळूहळू ढिला करी. तो 'स्नबर'. गाड्याची दांडी धरून त्याला दिशा देणारा 'पोलर', आणि सगळ्यांत वाईट काम त्याचंच. पुढचं चाक एखाद्या फटीत अडकलं की दांडी फाटकन आडवी फिरे आणि धरणाऱ्याच्या बरगड्या मोडे. हे सगळं अंधारात, मशालीच्या नाहीतर कंदिलाच्या उजेडात, बहुधा पावसात, आणि गाडी सुटायची वेळ रेल्वे कंपनीने ठरवून दिलेली.

रेझरबॅक हा शब्द आला कुठून याची एक गोष्ट सर्कशीतले लोक सांगत. गाडे ढकलताना मुकादम 'पाठी उचला' अशा अर्थाची इंग्रजी आरोळी देई, तिचाच अपभ्रंश होऊन हा शब्द झाला, असं म्हणतात. गोष्ट छान आहे, पण सर्कशीतल्या गोष्टी जरा जपूनच घ्याव्यात, कारण थापा मारणं हा तिथला पगारी धंदा होता. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत हाडकुळ्या, पाठीचा कणा धारेसारखा वर आलेल्या रानडुकरालाही रेझरबॅकच म्हणतात. कमी खाऊन जास्त राबणाऱ्या माणसाला डुकराचं नाव देणं ही मुकादमांची जुनी खोड आहे, म्हणून मला डुकराचीच व्युत्पत्ती खरी वाटते.

गाडे मैदानावर पोचले की तिथे दुसरी फौज. सर्वांत आधी मैदान मोजणारा मुकादम चालत सुटे. जिथे खांब यायचे, जिथे खुंट ठोकायचे, तिथे तो फडकी बांधलेल्या लोखंडी सळ्या खोचत जाई. आपल्याकडे घर बांधताना चुन्याची फक्की टाकून पाया आखतात, तसला हा प्रकार, फक्त रोज नव्या गावात आणि तासाभरात. मग खुंट ठोकणारी टोळी येई. चार-पाच फूट लांबीचा, डोक्याला लोखंडी कडं बसवलेला लाकडी खुंट एक जण धरून उभा राही, भोवती सहा-सात जण घण घेऊन. पहिल्याचा घण खुंटावर पडून उठतो तोवर दुसऱ्याचा खाली येतोय, दुसऱ्याचा उठतो तोवर तिसऱ्याचा. एकाच्या हातातला घण दुसऱ्याच्या घणावर आदळू द्यायचा नाही, आणि लय तर तुटू द्यायचीच नाही. पाहणाऱ्याला ते एकच यंत्र वाटावं. पुढे पेट्रोलवर चालणारं खरंखुरं यंत्र आलं तेव्हा त्यानेही हेच केलं, फक्त त्याला गाता येत नव्हतं. ही टोळी गाई. खुंटांना दोर ताणून बांधायच्या वेळी एक जण वरच्या सुरात ओळ टाकी आणि बाकीचे दोर खेचत तिचा शेवट उचलून धरीत. या टोळ्यांत आफ्रिकन-अमेरिकन मजूर पुष्कळ असत. शेतावरून, बंदरावरून आणि रेल्वेच्या रुळांवरून आलेली कामगार-गाणी त्यांनीच तंबूखाली आणली.

या सगळ्यांचं सरसकट नाव रूस्टअबाउट, आणि तो शब्द सर्कशीचा नव्हेच. मिसिसिपी नदीवर वाफेच्या बोटी चालत, त्यांच्या फळीवरून कापसाचे गठ्ठे चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या हमालांना रूस्टअबाउट म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो शब्द तिथून सर्कशीत आला. अंगमेहनतीच्या शब्दांना सांगितलेल्या जागी मुक्काम करायची सवय नसते. ऑस्ट्रेलियात मेंढ्यांची लोकर कापण्याच्या शेडमध्ये वरकाम करणारा पोऱ्या म्हणजे 'राउसअबाउट', हा त्याचाच सख्खा भाऊ म्हणायला हरकत नाही.

नदीवरचा माणूस तंबूत रुळला यात नवल कसलं? तंबू आणि शिडाचं जहाज एकाच कसबावर उभे असतात. जाडं कापड, ताणलेले दोर, कप्प्या, डोलकाठी, वाऱ्याचा अंदाज आणि गाठींचं ज्ञान. आपल्याकडे हीच वाट 'खलाशी' या शब्दाने तुडवली आहे. १८८६ मध्ये निघालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात खलाशाचा पहिला अर्थ तंबू ठोकणारा असा दिला आहे. जमिनीच्या मोजणीत साखळी ओढणारा माणूस आणि जहाजावरचा गडी हे अर्थ त्यानंतर येतात. 'लष्कर'वरून इंग्रजांनी बनवलेल्या 'लास्कर' शब्दाची कथाही तीच. जहाजावरचाही लास्कर आणि साहेबाच्या दौऱ्यावर तंबू मारणाराही लास्कर. पुढे रेल्वेने खलाशी उचलला आणि डोंगरातल्या वर्कशॉपातही समुद्र न पाहिलेले खलाशी भरती झाले. विष्णुपंत छत्रे यांनी १८८० मध्ये पहिली हिंदी सर्कस उभी केली ती किआरिनीच्या परदेशी सर्कशीचं सामान घेऊन. सामान विकत मिळालं, पण ते कापड वाऱ्यात ताणून धरणारे हात इथलेच होते.

आता जेवणाकडे. मैदानावर सर्वांत आधी उभा राही तो भटारखान्याचा तंबू, 'कुकहाउस'. जेवण तयार झालं की त्याच्यावर झेंडा चढे, म्हणून 'झेंडा लागला' म्हणजे चला जेवायला. आत मात्र गावजेवणातल्या पंगतींचीच तऱ्हा. एका बाजूला कलाकार, मॅनेजर, बँडवाले. दुसऱ्या बाजूला लांबच लांब बाकांवर मजूर. एक 'शॉर्ट एंड', दुसरं 'लाँग एंड'. नवा भरती झालेला मजूर चुकून आखूड बाजूला बसला तर त्याला उठवायला वेळ लागत नसे. गाडीतही हाच भेद. मोठ्या कलाकाराला स्वतंत्र खोली, मजुरांच्या डब्यांत एकावर एक तीन फळ्या आणि फळीवर दोन-दोन माणसं. अशा झोपण्यात उवा-ढेकूण आलेच. उवांना ते 'क्रंब' म्हणत, म्हणजे पावाचा चुरा. कपडे बादलीत उकळवून त्या मारायच्या कामाला 'क्रंब अप' आणि स्वतःच्या चार चीजवस्तूंच्या पेटीला 'क्रंब बॉक्स'. गाडीत एक डबा खाण्यापिण्याचा असे, तो 'पाय कार'. तिथे पत्ते आणि फासे चालत, आणि हप्त्याचा पगार बऱ्याचदा त्याच डब्यात मालकाच्या गल्ल्यात परत जाई.

मजुरांनी वरच्या बाजूलाही नावं ठेवली होती. कसरतपटू म्हणजे 'किंकर', ज्याचं अंग वेडंवाकडं वळतं तो. बँडवाला म्हणजे 'विंडजॅमर', वाऱ्यावर पोट भरणारा. हा शब्द शिडाच्या मोठ्या जहाजालाही होता, म्हणजे पुन्हा समुद्रच. विदूषक म्हणजे 'जोई', लंडनच्या जोसेफ ग्रिमाल्डीवरून. आणि वाघ-सिंहवाला 'कॅट मॅन', जणू त्याने मांजरंच पाळली आहेत. यातला एक कॅट मॅन पुण्याचा होता. दामू धोत्रे १९४० मध्ये आल्फ्रेड कोर्ट या वाघ-सिंहवाल्याच्या चमूबरोबर रिंगलिंग सर्कशीत दाखल झाले आणि अमेरिकेच्या मोठ्या शहरांत त्यांचं नाव पोस्टरवर झळकलं. मराठी वाचकाला ते 'वाघ सिंह माझे सखे सोबती' या आत्मकथनातून ठाऊक आहेत. मराठी माणसाने अमेरिकन सर्कशीची ती भलीथोरली रेल्वे आतून पाहिली, ती मात्र आखूड बाजूने.

खरी मेख पगाराच्या शब्दांत आहे. नव्या मजुराला 'फर्स्ट ऑफ मे' म्हणत, कारण तंबूचा हंगाम साधारण मेच्या सुरुवातीला उघडे आणि तेव्हाच कोवळी पोरं भरती होत. ठरलेल्या कामाबाहेरचं काम जादा पैशांवर केलं तर ते 'चेरी पाय', म्हणजे गोड पदार्थ. म्हणजे गोडधोड हे ठरलेल्या पगारात नव्हतंच. हप्त्याच्या पगारातून काही रक्कम कापून हंगाम संपेपर्यंत मालक स्वतःकडे ठेवी, ती 'होल्डबॅक'. मजूर मध्येच पळून जाऊ नये म्हणून ही तजवीज. आपल्याकडे ऊसतोडीला नाहीतर वीटभट्टीला उचल देऊन माणूस बांधतात, तिथे त्याचाच पगार अडकवून बांधत. उचलीत कर्ज मजुराच्या डोक्यावर असतं, होल्डबॅकमध्ये ते मालकाच्या डोक्यावर. मग हंगामाच्या शेवटी ते फेडायची वेळ आली की काही मालकांना मोह होई.

त्या मोहाचं नाव 'रेड लायटिंग'. रात्रीच्या चालत्या गाडीतून मजुराला खाली ढकलून द्यायचं. रुळाशेजारी गडगडत पडलेल्या माणसाला शेवटच्या डब्याचे लाल दिवे लांब जाताना दिसत, म्हणून हे नाव. पगार बुडाला, पेटी गाडीतच राहिली, आणि हाडं शाबूत असली तर उजाडेपर्यंत चालत पुढचं स्टेशन गाठायचं. सारा ग्रुएन यांच्या २००६ मधल्या 'वॉटर फॉर एलिफंट्स' या कादंबरीमुळे हा शब्द जगभरच्या वाचकांना कळला. या प्रकाराची नोंद कुठल्या हजेरीपटात असणार? पण एखाद्या कामाला सगळ्यांना कळेल असं दोन शब्दांचं नाव पडतं, तेव्हा ते एकदा-दोनदा घडलेलं नसतं. याच्या उलट ज्या सर्कशीत फसवाफसवी, खिसेकापूपणा, खोटे जुगार चालत नसत तिला 'संडे स्कूल शो' म्हणत. रिंगलिंग बंधूंना ही उपाधी चिकटली होती. तीत कौतुक किती आणि टिंगल किती, हे बोलणारा कोणत्या बाजूला जेवायला बसतो त्यावर ठरे.

रविवारच्या शाळेतही पगाराची भांडणं झालीच. १९३७ मध्ये रिंगलिंगच्या कामगारांची संघटनेशी जोडणी होऊन करार झाला. पुढच्याच वर्षी धंदा बसला म्हणून मालकांनी पगारात पंचवीस टक्के कपात मागितली. जून १९३८ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटन गावी कामगार काम सोडून बसले. तंबू उभारणारेच बसल्यावर झुल्यावरचे उडणार कशाला धरून? काही दिवस ओढाताण झाली आणि जगातली सगळ्यात मोठी सर्कस ऐन हंगामात गुंडाळून फ्लोरिडाला, सॅरासोटाच्या हिवाळी मुक्कामी परतली. रूस्टअबाउट हा शब्द मोठ्या वर्तमानपत्रांच्या बातम्यांत शिरण्यासाठी तंबू खाली यावा लागला.

बाहेरच्या जगासाठीही शब्द होतेच. गाववाले म्हणजे 'टाउनर'. तिकीट न काढता दिवसभर मैदानावर घुटमळणारे ते 'लॉट लाइस', मैदानातल्या उवा. फुकट पासाच्या आशेने हत्तींना पाणी वाहणाऱ्या गावातल्या पोरांवर देखरेख करायला एक माणूस असे, त्याला 'पंक पुशर' म्हणत, कारण लहान पोरगं म्हणजे 'पंक'. फुकट पासाला नेमबाज बाईच्या नावावरून 'अॅनी ओकली' म्हणत, कारण पासाला पाडलेली भोकं तिने गोळ्यांनी उडवलेल्या पत्त्यांसारखी दिसत. आणि खेडवळ गावकरी म्हणजे 'रूब'. रूबेन या नावाचं ते लहान रूप. गावच्या गुंडांशी मारामारी जुंपली की तंबूमागून एक आरोळी उठे: 'हे रूब!' ती ऐकली की हातातलं काम टाकून, खुंट किंवा घणाचा दांडा उचलून धावायचं, हा अलिखित नियम होता. किंकर असो की रेझरबॅक, तेवढ्या पाच-दहा मिनिटांत जेवणाच्या दोन्ही बाजू एक होत. भांडण कुणी काढलं, चूक कुणाची, हे विचारायला नंतर वेळ असे.

दुसरा इशारा मात्र आरोळीचा नव्हता, वाद्यांचा होता. संकट आलं की बँडमास्टर चालू तुकडा मध्येच तोडून जॉन फिलिप सूझाचं 'स्टार्स अँड स्ट्राइप्स फॉरेव्हर' हे कवायतीचं संगीत सुरू करी. प्रेक्षकाला ते उत्साहाचं वाटे. सर्कशीच्या माणसाला कळे की काहीतरी भयंकर घडलं आहे, लोकांना न घाबरवता बाहेर काढायचं. ६ जुलै १९४४ ला कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्डमध्ये दुपारच्या खेळाला हजारो माणसं, त्यांत बायका आणि मुलंच जास्त, तंबूत बसलेली असताना कडेच्या कापडाला आग लागली. बँडमास्टर मर्ल एव्हान्सने ज्वाळा पाहिल्या आणि तो मार्च सुरू केला. पण तंबूचं कापड पाणी लागू नये म्हणून पेट्रोलमध्ये विरघळवलेल्या पॅराफिन मेणाने माखलेलं होतं. काही मिनिटांत अख्खं छत पेटून खाली आलं. बाहेर पडायच्या दोन वाटा जनावरांच्या ने-आणीसाठी लावलेल्या लोखंडी पिंजऱ्यांच्या बोळांनी अडवल्या होत्या. किमान १६७ जण मेले. महायुद्धामुळे त्या वर्षी सर्कशीकडे माणसं कमी होती. खुणेचा शब्द सगळ्यांना कळला, पण तो ऐकून धावायला हात पुरले नाहीत, आणि कापडावरचं मेण कुणाच्या धावण्याने थांबणारं नव्हतं.

त्याहून जुना अपघात या बोलीशी अधिक जवळचा आहे. २२ जून १९१८ ला पहाटे इंडियाना राज्यातल्या हॅमंडजवळ हॅगनबेक-वॉलेस सर्कशीची गाडी आसाची पेटी तापल्यामुळे थांबली होती. मागून सैनिकांसाठीची रिकामी गाडी आली आणि झोपलेल्या डब्यांत घुसली. डबे लाकडी, आत दिवे पेटते. ८६ माणसं गेली. शोमेन्स लीग या संघटनेने शिकागोजवळच्या फॉरेस्ट पार्कमधल्या वुडलॉन दफनभूमीत थोडीच आधी जागा घेऊन ठेवली होती. तिथे पन्नासहून अधिक जणांना ओळीने पुरलं. त्या दगडांवर काय कोरलं आहे? 'अनोळखी पुरुष' आणि पुढे क्रमांक. एका दगडावर 'बॉल्डी', म्हणजे टकल्या. एकावर 'स्मायली'. एकावर फक्त 'फोर हॉर्स ड्रायव्हर', चार घोड्यांचा गाडा हाकणारा. कुणी आठवड्यापूर्वी लागलेला, कुणी आदल्या गावात चढलेला. हजेरीपटावर खरं नाव नाही, शेजारच्या फळीवर झोपणाराही त्याच्याबरोबरच गेलेला. मुकादमाने मारलेली हाक तेवढी ठाऊक होती, म्हणून तीच कोरली. सर्कस मात्र थांबली नाही. दुसऱ्या कंपन्यांनी कलाकार उसने दिले आणि थोड्याच दिवसांत खेळ पुढे सुरू झाला. उसने दिलेल्यांत खुंट ठोकणारे कोणी होते का, हे लिहून ठेवायची गरज कुणाला वाटली असेल?

डिस्नेच्या १९४१ मधल्या 'डंबो' चित्रपटात रात्रीच्या पावसात तंबू उभारण्याचा प्रसंग आहे. घण कसे फिरतात, हत्ती खांब कसे ओढतात, हे त्यात बारकाईने दाखवलं आहे. हत्तींना डोळे आहेत, भुवया आहेत, रागलोभ आहेत. शेजारी घण मारणाऱ्या काळ्या मजुरांचे चेहरे मात्र कोरे ठेवले आहेत. चित्रकारांना चेहरे काढता येत नव्हते असं थोडंच आहे.

अटलांटिकच्या पलीकडे, ब्रिटनमध्ये, सर्कशीची बोली वेगळ्याच मातीतली. तिथे तिला 'पार्ल्यारी' म्हणत. इटालियन शब्दांचा तिच्यात भरणा, वर रोमानी लोकांचे शब्द. मैदान म्हणजे 'टोबर'. बाहेरून येऊन सर्कशीत सामील झालेला तो 'जॉसर', मग तो तीस वर्षं राबला तरी जॉसरच. रोमानी ही मुळात आपल्याच कुळातली, भारतातून गेलेली भाषा. म्हणून इंग्लंडच्या जत्रेतला मजूर आभाळाकडे पाहून 'पार्नी' आली म्हणतो तेव्हा ते आपलं पाणी असतं. आपल्या भटक्या जमातींतल्या पारुशी बोलीही असंच काम करतात. गिऱ्हाईक समोर उभं असताना भाव, धोका, पोलीस यांबद्दल चार शब्द बोलून घ्यायचे. अमेरिकन तंबूवाल्यांची बोली मात्र गुप्त अशी फारशी नव्हती. तिचा रोख बाहेरच्याला चकवण्यापेक्षा आतल्याला त्याची जागा दाखवण्याकडे जास्त होता.

१६ जुलै १९५६ ला पिट्सबर्गमध्ये रिंगलिंगचा तंबूतला शेवटचा खेळ झाला. नंतर सर्कस पक्क्या बांधलेल्या बंदिस्त सभागृहांत गेली. तिथे खुंट नव्हते, घण नव्हते, वाऱ्याचा अंदाज घ्यायचं कारण नव्हतं. सामान हलवायला यंत्रं आली आणि त्यांच्याबरोबर तासाच्या हिशेबाने पगार घेणारे स्थानिक कामगार. २०१६ मध्ये हत्ती निवृत्त झाले, २०१७ मध्ये सर्कसच बंद पडली, आणि २०२३ मध्ये प्राण्यांशिवाय पुन्हा सुरू झाली.

रूस्टअबाउट तोवर तिसऱ्या धंद्यात स्थिरावला होता. टेक्सास-ओक्लाहोमाच्या तेलक्षेत्रांत विहिरीभोवतीच्या पडेल कामाला जो माणूस लागे, त्याला हेच नाव मिळालं आणि तिथून ते समुद्रातल्या रिगवर चढलं. १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या रिगने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर तेल शोधलं, त्यानंतर ते आपल्याकडेही आलं. खासगी रिगवरच्या नोकरीच्या जाहिरातींत आज हे पद छापलेलं असतं आणि अर्ज करणाऱ्या पोरांना त्यात काही शिवी आहे असं वाटतही नाही. काम मात्र ओळखीचंच आहे: क्रेनने उतरवलेलं सामान हुकातून सोडवायचं, डेक धुवायचा, रंग खरवडायचा, सांगेल ते उचलायचं. ड्रिलच्या जागी काम करणारा रफनेक त्याच्या एक पायरी वर असतो. जुहूहून हेलिकॉप्टरने रिगवर उतरलेला नवा पोऱ्या पहिल्या दिवसापासून त्या पायरीकडे डोळा लावून असतो, कारण पगारातला खरा फरक तिथून सुरू होतो.